घरबांधणीतील ठेका व्यवहार : स्वरूप, समस्या आणि लेखी कराराची आवश्यकता (पांढरकवडा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी अन्न व वस्त्र यांची खरेदी माणूस आयुष्यभर करीत असतो व चुकांतून शिकत असतो. निवाऱ्याचे तसे नाही. मध्यमवर्गीय कुटुंब घर बहुधा एकदाच बांधते. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम, बँकेचे कर्ज आणि क्वचित वडिलोपार्जित शेतीचा तुकडा विकून आलेला पैसा त्यात गुंतविला जातो. एवढी मोठी रक्कम ज्या व्यक्तीच्या हाती सोपविली जाते, तिच्याशी होणारा व्यवहार मात्र बहुतेक वेळा तोंडी असतो. दुचाकी घेताना पावती, हमीपत्र आणि विमा मागणारा सुशिक्षित माणूस पंधरा-वीस लाखांचे घर वहीच्या पानावर लिहिलेल्या एका दरावर बांधावयास देतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील (पूर्वीचा क्रमांक ७, आताचा ४४) या नगरपरिषदेच्या गावी आणि परिसरात शिक्षक, प्राध्यापक, शासकीय कर्मचारी, व्यापारी व कापूस उत्पादक शेतकरी घरे बांधतात. येथे घरमालक व ठेकेदार एकमेकांना ओळखणारे असतात. ‘ओळखीत कागद कशाला?’ हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. घरबांधणीतील बहुसंख्य वाद हे कोणाच्या अप्रामाणिकपणातून निर्माण होत नसून, न ठरविलेल्या गोष्टींतून आणि कामाच्या पुढे धावलेल्या पैशातून निर्माण होतात. म्हणून जेथे ओळख टिकवावयाची आहे, तेथेच कागदाची गरज अधिक आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) घरबांधणीतील ठेक्याच्या प्रचलित प्रकारांचा परिचय करून देणे.
२) पांढरकवडा परिसरातील माती, हवामान व शेतीचा हंगाम यांचा ठेका व्यवहारावरील परिणाम स्पष्ट करणे.
३) लेखी करार, टप्पेनिहाय देयके व देखरेख यांचे स्वरूप विशद करणे.
४) वाद निर्माण झाल्यास उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गांची माहिती देणे.

१. ठेक्याचे प्रकार

घरबांधणीचे काम देण्याच्या चार पद्धती आढळतात.

(अ) रोजंदारी : घरमालक साहित्य स्वतः आणतो आणि मिस्त्री, मजूर व रेजा यांना दिवसाच्या हजेरीवर मजुरी देतो. कामाचा दर्जा मालकाच्या नजरेखाली राहतो. परंतु काम लांबले तर त्याचा भुर्दंड मालकावरच पडतो.

(आ) मजुरीचा ठेका : सिमेंट, लोखंड, रेती, गिट्टी व विटा मालक पुरवितो, ठेकेदार चौरस फुटाच्या दराने केवळ मजुरीचे काम घेतो. सेंट्रिंगचे साहित्य कोणी आणावयाचे हे यात स्वतंत्रपणे ठरवावे लागते. या पद्धतीत साहित्याचा दर्जा मालकाच्या हाती राहतो, मात्र नासधूस रोखण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

(इ) साहित्यासह ठेका : साहित्य व मजुरी दोन्ही ठेकेदाराकडे असतात. बाहेरगावी नोकरी करणाऱ्यास ही पद्धत सोयीची वाटते. तथापि दर ठरलेला असल्याने साहित्यात केलेली प्रत्येक बचत ही ठेकेदाराचा नफा ठरते. त्यामुळे साहित्याचा तपशील लिहिलेला नसेल तर हीच पद्धत सर्वांत धोक्याची होते.

(ई) बाबवार ठेका : खोदकाम, काँक्रीट, विटांचे बांधकाम, प्लास्टर, फरशी अशा प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर ठरतो व प्रत्यक्ष मोजमापानुसार पैसे दिले जातात.

यातील तत्त्व नवे नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात ‘बी-१’ (टक्केवारी दर), ‘बी-२’ (बाबवार दर) आणि ‘सी’ (एकरकमी) असे निविदेचे नमुने दीर्घकाळ वापरात आहेत. दरसूची, मोजमाप पुस्तक, सुरक्षा अनामत आणि दोष दायित्व कालावधी या शासकीय बांधकामातील चार संकल्पना महाविद्यालयाची इमारत उभी राहताना अनेक प्राध्यापकांनी पाहिलेल्या असतात. खासगी घराच्या बाबतीत मात्र त्यांचा विसर पडतो. वास्तविक या चारही संकल्पना लहान प्रमाणावर घराच्या कामास लागू करता येतात.

२. ‘चौरस फुटाचा भाव’ आणि त्यातील संदिग्धता

‘काय भावाने घेतले?’ या प्रश्नाला चौरस फुटाचा एकच आकडा उत्तर म्हणून दिला जातो. हा आकडा तुलनेस सोयीचा असला तरी तो तीन गोष्टी झाकून ठेवतो.

पहिली गोष्ट, कोणता चौरस फूट? चटई क्षेत्र, जोत्याचे क्षेत्र आणि सज्जे व बाल्कनीसह स्लॅबचे क्षेत्र ही तीन वेगवेगळी मोजमापे आहेत. जोत्याचे क्षेत्र १,००० चौरस फूट व स्लॅबचे क्षेत्र १,१५० चौरस फूट असलेल्या घराचे उदाहरण घेता येईल. मजुरीचा दर केवळ हिशेबासाठी २५० रुपये धरला, तर मोजमापाच्या व्याख्येतील या फरकाची किंमत ३७,५०० रुपये होते. दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही शेवटच्या हिशेबात या रकमेवरून भांडण होऊ शकते.

दुसरी गोष्ट, दरात काय समाविष्ट आहे? जोत्यातील मुरमाची भरणी, जिन्यावरील खोली, पाण्याची टाकी, शौचालयाची टाकी, कुंपणभिंत, ओट्याचे काम, वीज व नळजोडणी आणि मलबा उचलणे या बाबी ठेकेदाराच्या मते बहुधा ‘वेगळ्या’ आणि मालकाच्या मते ‘त्यातच’ असतात.

तिसरी गोष्ट, कोणत्या दर्जाचे? ‘चांगली फरशी’, ‘चांगल्या कंपनीचे नळ’ या शब्दांना हिशेबात अर्थ नसतो. फरशीचा प्रति चौरस फूट खरेदी दर, सळईची प्रत, काँक्रीटची प्रत आणि दाराच्या लाकडाचा प्रकार असा उल्लेख केल्यासच त्यांना अर्थ प्राप्त होतो. स्वस्त दर देणारा ठेकेदार व महाग दर देणारा ठेकेदार यांची तुलना या तिन्ही गोष्टी समान केल्यानंतरच करता येते.

३. पांढरकवडा परिसराची विशेष परिस्थिती

३.१ काळी माती : या परिसरात कापसास पोषक अशी काळी माती विस्तृत प्रमाणात आढळते. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा हे याचेच दृश्य रूप होय. उथळ पायावर उभ्या असलेल्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जाण्यामागे अनेकदा हे कारण असते. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर गोळा असलेल्या खांबांची पायापद्धती विकसित केली. भारतीय मानक २९११ (भाग ३) मध्ये या खांबांची लांबी खोल काळ्या मातीत किमान ३.५ मीटर सांगितली आहे. मातीचा थर कमी असल्यास पाया खालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणे, जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरणे आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून पक्का उतार करणे हे उपाय केले जातात.

ठेका व्यवहाराच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी की, मुरूम चार फुटांवर लागेल की आठ फुटांवर, हे खोदल्याशिवाय निश्चित होत नाही. एकरकमी दर ठरलेला असल्यास पाया उथळ ठेवण्याचा मोह ठेकेदारास होतो, कारण जादा खोलीचे पैसे त्यास मिळणार नसतात. यावरील उपाय सोपा आहे. ठेका देण्यापूर्वी भूखंडावर दोन ठिकाणी चाचणी खड्डे घ्यावेत, करारात पायाची गृहीत खोली लिहावी आणि त्यापुढील खोदकाम, काँक्रीट व भरणी यांचा ब्रासचा (१०० घनफूट) दर आधीच ठरवावा. असे केल्यास पाया खोल नेण्यात ठेकेदाराचे नुकसान राहत नाही.

३.२ हवामान : विदर्भाचा उन्हाळा तीव्र असतो. काँक्रीटला बळकटी येण्यासाठी ओलावा आवश्यक असतो. सिमेंट व पाणी यांची रासायनिक प्रक्रिया थांबली तर बळकटीची वाढही थांबते. भारतीय मानक ४५६ : २००० नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस व राखमिश्रित (पोझोलाना) सिमेंटच्या काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी ठेवावयास हवे; उष्ण व कोरड्या हवेत हे कालावधी अनुक्रमे १० व १४ दिवस असावेत, अशी शिफारस आहे. बाजारात राखमिश्रित सिमेंट मोठ्या प्रमाणावर वापरले जात असल्याने एप्रिल-मे महिन्यांत टाकलेल्या स्लॅबसाठी १४ दिवसांचा कालावधी धरणे योग्य ठरते. पाणी कोणी मारावयाचे, हे न ठरल्यास ठेकेदार ते मालकाचे काम समजतो आणि मालक ठेकेदाराचे. पाण्याचे टँकर लागल्यास त्याचा खर्च कोणाचा, हेही लिहून ठेवणे इष्ट होय.

३.३ शेतीचा हंगाम : बांधकामावरील अनेक मजूर हे शेतमजूरही असतात. जूनमधील पेरणी आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापूस वेचणी या काळात मजुरांची टंचाई जाणवते. कामाची मुदत ठरविताना हे दिवस गृहीत न धरल्यास मुदत पहिल्या दिवसापासूनच अवास्तव ठरते. जोत्याचे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण होईल असा आराखडा आखणे हितावह असते.

३.४ रेती : रेतीघाटांचे लिलाव, पावसाळ्यातील उत्खननबंदी आणि बदलती शासकीय धोरणे यांमुळे रेतीचा भाव अस्थिर असतो. २०२३ च्या धोरणात शासकीय डेपोतून ६०० रुपये प्रति ब्रास दराने रेती देण्याची तरतूद होती. २०२५ मध्ये पुन्हा नवे धोरण आले. साहित्यासह ठेक्यात रेतीचा गृहीत भाव लिहून, त्यापेक्षा ठरावीक टक्क्यांहून अधिक वाढ झाल्यास ती कोणी सोसावी, हे नमूद करणे उभयपक्षी न्याय्य ठरते. रेती वैध वाहतूक परवान्यासह यावी, ही अटही आवश्यक आहे.

४. ठेकेदाराची निवड

निवडीपूर्वी दोन कामे पूर्ण असावयास हवीत. पहिले, नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा, काँक्रीट-लोखंडाचे संरचनात्मक आराखडे व अंदाजपत्रक तयार करून घेणे. दुसरे, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि २०२० मध्ये लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली यांनुसार नगरपरिषदेची परवानगी घेणे. ‘परवानगी नंतर पाहू’ असे ठेकेदार म्हणत असला तरी अनधिकृत बांधकामाची नोटीस मालकाच्या नावे निघते, ही बाब लक्षात ठेवली पाहिजे.

त्यानंतर एकाच नकाशावर व एकाच तपशीलपत्रकावर किमान तीन ठेकेदारांकडून लेखी दर मागवावेत. प्रत्येकाने बांधलेले, किमान दोन पावसाळे पाहिलेले एक घर आणि सध्या सुरू असलेले एक काम प्रत्यक्ष पाहावे. जुन्या घरात गच्चीची गळती व भिंतींच्या चिरा दिसतात. चालू कामावर शिस्त दिसते. पूर्वीच्या मालकास ‘काम कसे झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘शेवटचा हिशेब कसा झाला?’ असे विचारल्यास अधिक उपयुक्त माहिती मिळते. एका वेळी किती कामे चालू आहेत, सेंट्रिंगचे साहित्य स्वतःचे आहे काय आणि मिस्त्री कायमचे आहेत काय, हे प्रश्नही महत्त्वाचे आहेत. सर्वांत कमी दर हा निवडीचा एकमेव निकष असू नये. अभियंत्याच्या अंदाजापेक्षा खूप खाली असलेला दर हा बहुधा पुढील वाढीव मागणीचा किंवा अर्धवट सोडलेल्या कामाचा पूर्वसंकेत असतो.

५. लेखी कराराचे घटक

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असू शकतो. अडचण वैधतेची नसून पुराव्याची आहे. दोन वर्षांनंतर काय ठरले होते, हे दोघांनाही वेगवेगळे आठवते. योग्य मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसमक्ष केलेल्या करारात पुढील बाबी असाव्यात.

१) दोन्ही पक्षांची नावे, पत्ते व भूखंडाचे वर्णन.
२) नकाशे व तपशीलपत्रक, कराराचा भाग म्हणून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्यांसह.
३) ठेक्याचा प्रकार, दर, मोजमापाची व्याख्या, समाविष्ट व वगळलेल्या बाबींच्या दोन स्वतंत्र याद्या.
४) साहित्याची प्रत व सिमेंट साठविण्याची जबाबदारी.
५) सुरुवात व पूर्णतेची तारीख, पाऊस व हंगामी मजूरटंचाई यांसाठीची मुभा आणि विलंबाची भरपाई.
६) देयकांचे टप्पे व राखीव रक्कम.
७) वाढीव कामाची पद्धत.
८) मजुरांची सुरक्षा, विमा व मजुरी देण्याची जबाबदारी.
९) दोष दुरुस्तीचा कालावधी, किमान एक पूर्ण पावसाळा त्यात यावा.
१०) काम अर्धवट सुटल्यास मोजमाप व हिशेबाची पद्धत, आणि वाद सोडविण्यासाठी दोघांना मान्य असलेला तटस्थ अभियंता.

विलंबाच्या भरपाईविषयी एक सूचना आवश्यक आहे. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. त्यामुळे अवास्तव दंड लिहून ठेकेदारास घाबरविण्यात अर्थ नाही. विलंबामुळे द्यावे लागणारे घरभाडे व कर्जाचे व्याज यांच्याशी सुसंगत अशी रक्कम लिहिणे योग्य होय.

कराराचा एक आर्थिक पैलूही आहे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार एकट्या निवासी घराच्या नव्या बांधकामाचा केवळ मजुरीचा ठेका करमुक्त आहे. साहित्यासह ठेका मात्र, ठेकेदार नोंदणीकृत असल्यास, करपात्र होतो. ठरलेल्या दरात कर धरला आहे किंवा नाही, हे लिहिलेले नसल्यास शेवटच्या देयकाच्या वेळी मोठी रक्कम अनपेक्षितपणे पुढे येते.

६. टप्पेनिहाय देयके

ठेका व्यवहारातील सर्वांत निर्णायक घटक म्हणजे पैसे देण्याचा क्रम होय. उदाहरणादाखल १,००० चौरस फुटांचे घर साहित्यासह १,८०० रुपये दराने दिले असे मानू. (हा दर हिशेबाच्या सोयीसाठी घेतला असून तो बाजारभाव नव्हे.) एकूण रक्कम १८,००,००० रुपये होते. तिची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

करार होताना – ५ टक्के – ९०,००० रुपये
पाया व जोते पूर्ण – २० टक्के – ३,६०,००० रुपये
कॉलम व भिंती पूर्ण – २० टक्के – ३,६०,००० रुपये
स्लॅब पूर्ण – २० टक्के – ३,६०,००० रुपये
आतील व बाहेरील प्लास्टर – १२ टक्के – २,१६,००० रुपये
फरशी, दारे-खिडक्या, वीज व नळ – १३ टक्के – २,३४,००० रुपये
रंगकाम व ताबा – ५ टक्के – ९०,००० रुपये
दोष कालावधी संपल्यावर – ५ टक्के – ९०,००० रुपये

स्लॅब पूर्ण होईपर्यंत या विभागणीनुसार ११,७०,००० रुपये दिले जातात व ६,३०,००० रुपये शिल्लक राहतात. आता ‘लोखंडाचे भाव वाढणार आहेत’, ‘मजुरांना सणाची उचल द्यावयाची आहे’ अशा कारणांनी मालकाने आणखी ३,००,००० रुपये आधीच दिले असे समजू. तेव्हा ६,३०,००० रुपयांचे काम बाकी असताना ठेकेदारास केवळ ३,३०,००० रुपये मिळावयाचे राहतात. काम पूर्ण करणे हे त्याच्यासाठी तोट्याचे होते. नवे काम घेऊन तेथील आगाऊ रक्कम मिळविणे अधिक फायद्याचे होते. एका घराच्या पैशावर दुसऱ्या घराचे काम चालविण्याची साखळी अशा रीतीने सुरू होते आणि साखळीच्या शेवटी असलेल्या कुटुंबाचे घर प्लास्टरविना राहते. यात ठेकेदाराची वृत्ती वाईट असलीच पाहिजे असे नाही. देयकांच्या क्रमानेच त्यास त्या दिशेने ढकललेले असते.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. लहान ठेकेदाराजवळ भांडवल अल्प असते. दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी त्यास मजुरी चुकती करावी लागते. टप्पा पूर्ण होऊनही मालकाने पैसे अडवून धरल्यास मजूर दुसरीकडे जातात व काम थांबते. म्हणून टप्पा पूर्ण झाल्याचे अभियंत्याने प्रमाणित केल्यापासून सात दिवसांत रक्कम देण्याचे बंधन मालकावर असावे. मोठे टप्पे लहान टप्प्यांत विभागल्यास दोघांचीही अडचण कमी होते. सर्व रकमा शक्यतो बँकेमार्फत द्याव्यात व प्रत्येक पावतीवर टप्प्याचा उल्लेख असावा.

शासकीय घरकुल योजनांतही हेच तत्त्व दिसते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये, अशी मार्गदर्शक सूचना आहे. अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार, छायाचित्रांच्या पडताळणीनंतर हप्त्यांनी थेट खात्यात जमा होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातही घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा मोठा भाग घरमालकांच्या सहभागातून व टप्प्यांच्या अनुदानातून पार पडला. पैशाचा व कामाचा मेळ हा केवळ सावधपणाचा नव्हे, तर अनुभवसिद्ध व्यवस्थेचा भाग आहे.

७. देखरेख : झाकल्या जाणाऱ्या कामांची तपासणी

रंग, फरशी व दारे यांतील दोष नंतरही दिसतात व दुरुस्त होतात. पाया, सळई व काँक्रीट मात्र एकदा झाकले गेले की तपासता येत नाहीत. मालकाची व अभियंत्याची उपस्थिती म्हणून चार प्रसंगी अनिवार्य समजावी : पायाचा तळ उघडा असताना, पायाची व कॉलमची सळई बांधून झाल्यावर, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर काँक्रीटपूर्वी, आणि प्रत्यक्ष काँक्रीट टाकताना.

तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीसही काही साध्या तपासण्या करता येतात. सळईच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करून १६२ ने भागल्यास प्रति मीटर वजन किलोग्रॅममध्ये मिळते. त्यानुसार १२ मिलिमीटर सळईचे वजन प्रति मीटर सुमारे ०.८९ किलो असते. १२ मीटरची सळई सुमारे १०.७ किलो भरावी. वजनकाट्यावर याहून बरेच कमी भरल्यास चौकशी करावी. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा किंवा महिना व वर्ष छापलेले असते. जुने व गाठी झालेले सिमेंट नाकारावे. ‘एम-२०’ प्रतीच्या काँक्रीटसाठी ५० किलोच्या एका पोत्यास ३० लिटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये, असे मानक सांगते. काम सोपे व्हावे म्हणून मिश्रणात वाढविलेले पाणी हे बळकटी घटविणारे सर्वांत सामान्य कारण आहे. सळईखाली आवरणासाठी सिमेंटचे ठोकळे ठेवलेले असावेत. स्लॅबसाठी हे आवरण किमान २० मिलिमीटर व कॉलमसाठी सर्वसाधारणपणे ४० मिलिमीटर असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांपूर्वी व त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांपूर्वी काढू नयेत. राखमिश्रित सिमेंट असल्यास अभियंत्याच्या सल्ल्याने हा कालावधी वाढवावा.

सूचना देण्याचा मार्गही ठरलेला असावा. घरातील चार माणसांनी मिस्त्रीस चार सूचना दिल्या की काम बिघडते. कुटुंबातर्फे एकाच व्यक्तीने, ठेकेदारासच आणि कामाच्या वहीत लिहून सूचना द्यावी. त्या वहीत दररोजची हजेरी, आलेले साहित्य व झालेले काम यांची नोंद असावी. मोजमाप पुस्तकाचे हेच घरगुती रूप होय.

८. वाढीव काम

काम सुरू झाल्यावर मालकाच्या मनात बदल येतात. खिडकी मोठी करावी, देवघर हलवावे, वर एक खोली काढावी असे वाटते. ‘करून टाका, पाहून घेऊ’ हे वाक्य या टप्प्यावर उच्चारले जाते. घरमालकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक हीच होय. करार अधिनियमाच्या कलम ७० नुसार, विनामूल्य करण्याचा हेतू नसताना केलेल्या व दुसऱ्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. अर्थात लेखी मान्यता नसली तरी ठेकेदाराचा दावा निराधार ठरत नाही. केवळ रक्कम वादग्रस्त होते. म्हणून प्रत्येक बदलापूर्वी कामाच्या वहीत तीन ओळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात : काय बदलले, खर्च किती वाढला किंवा घटला, मुदत किती वाढली.

९. मजुरांची बाजू

घरमालक व ठेकेदार यांच्यातील दराच्या घासाघिशीत तिसरा घटक दुर्लक्षित राहतो. दर जेवढा खाली येतो तेवढा त्याचा भार मजुरी व सुरक्षेवर पडतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि त्यातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे विषय नव्या कामगार संहितांखाली आले आहेत. मंडळाच्या लाभांसाठी कामगाराने वर्षातून किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते व त्याचा दाखला लागतो. हजेरीची वही नीट ठेवणारा मालक व ठेकेदार असा दाखला सहज मिळवून देण्यास मदत करू शकतात. पुरुष व स्त्री मजुरांना समान कामासाठी समान मजुरी, बालमजुरास मज्जाव, उंचीवरील कामासाठी मजबूत पराती व पट्टे, उन्हाळ्यात दुपारची विश्रांती आणि पिण्याचे पाणी या अटी करारात असाव्यात.

१०. वाद आणि कायदेशीर मार्ग

वाद झाल्यास अनेक जण प्रथम पोलीस ठाण्यात जातात. परंतु केवळ करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे. फसविण्याचा हेतू आरंभापासून असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ हा कायदा विक्रीसाठीच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घरास तो लागू पडत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा हा अधिक जवळचा मार्ग आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता (१९९३) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे मान्य केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्याच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश झाला आणि २०१९ च्या कायद्यातही तो कायम आहे. तक्रारकर्ता राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे येथील रहिवाशास यवतमाळ जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असलेल्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे जातात. मात्र मिस्त्रीस रोजंदारीवर, स्वतःच्या नियंत्रणाखाली ठेवले असल्यास तो व्यक्तिगत सेवेचा करार ठरण्याची शक्यता असते व हा मार्ग दुरावतो. आयोगापुढे करार, बँकेच्या नोंदी, तारखेसह छायाचित्रे आणि तटस्थ अभियंत्याचा अहवाल हाच खरा आधार असतो. ठेकेदारासही आपल्या कामाच्या पैशासाठी तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा करता येतो.

याहून अल्पखर्चाचा मार्ग म्हणजे तटस्थ अभियंत्याकडून संयुक्त मोजमाप करून घेणे, आणि न जमल्यास तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत तडजोड करणे. काम अर्धवट सुटले असल्यास दुसऱ्या ठेकेदारास लावण्यापूर्वी हे मोजमाप होणे अत्यावश्यक आहे. अन्यथा कोणी किती काम केले, याचा पुरावाच नव्या कामाखाली नाहीसा होतो.

निष्कर्ष

१) घरबांधणीतील वादांचे मूळ प्रामुख्याने मोजमाप, समाविष्ट बाबी व वाढीव काम यांतील संदिग्धतेत असते.
२) देयके कामाच्या मागे राहिल्यास ठेकेदाराचे हित काम पूर्ण करण्यात राहते, पुढे गेल्यास ते काम सोडण्यात जाते.
३) काळ्या मातीच्या परिसरात पायाची खोली व जादा खोलीचा दर आधी ठरविणे हे संरचनेच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे.
४) पाया, सळई व काँक्रीट यांची झाकण्यापूर्वीची तपासणी कोणत्याही हमीपत्रापेक्षा अधिक मोलाची आहे.
५) लेखी करार मालकाइतकाच ठेकेदाराचे व मजुरांचेही संरक्षण करतो.

समारोप

पांढरकवड्यासारख्या गावात घरमालक व ठेकेदार घराचे काम संपल्यावरही एकमेकांना बाजारात, लग्नकार्यात व केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला भेटतच राहतात. त्या भेटीत दोघांनाही मान खाली घालावी लागू नये, यासाठी हिशेब स्वच्छ असावयास हवा. करारासाठी कागद पुढे करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत सुशिक्षित वर्गानेच प्रथम दूर केली पाहिजे. महाविद्यालयांच्या वाणिज्य, अर्थशास्त्र व विधी विषयांच्या अध्यापनात घरबांधणीच्या साध्या कराराचा मराठी नमुना तयार करून घेण्याचा उपक्रम राबविल्यास तो विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोहोचेल. एकदाच घर बांधणाऱ्या कुटुंबास दुसरी संधी मिळत नाही. म्हणून इतरांच्या अनुभवाचे शहाणपण त्याच्या हाती आधीच असणे गरजेचे आहे.